चित्र अडकतंय? आधी भिंत बघा

खुलताबादच्या जुन्या दगडी घरांत चित्रपट मध्येच थांबला, की पहिला संशय भिंतीवर घ्यावा. हा सगळा मुलूख बेसाल्टचा. त्या काळ्या दगडाच्या जाड भिंती उन्हाळ्यात घर गार ठेवतात, पण वायफायच्या लहरीही अडवतात. राउटर ओसरीत आणि टीव्ही माजघरात असेल, तर महागडा प्लॅन घेऊनही फारसा फरक पडत नाही.

राउटरचा ५ गिगाहर्ट्झ पट्टा वेगवान, पण भिंतीपलीकडे लवकर क्षीण होतो. २.४ गिगाहर्ट्झचा वेग कमी, पोहोच जास्त. दोन्ही लावून पाहा. खरा भरवशाचा उपाय मात्र लॅन केबल; ती १०० मीटरपर्यंत बिनघोर चालते. टीव्हीला जोडलेल्या स्ट्रीमिंग स्टिकला वेगळा इथरनेट अडॅप्टर लागतो, पण तो खर्च सार्थकी लागतो.

वेग मोजायचा तो टीव्हीपाशी. फुल एचडीला साधारण ५ एमबीपीएस पुरतात, फोर-केला किमान १५ हवेत.

स्टिक टीव्हीच्या यूएसबीवर चालवू नका. जुन्या पोर्टमधून अर्धा अँपिअरच मिळतो. सोबतचा चार्जर भिंतीतल्या सॉकेटला लावा. स्टिकची साठवण भरली असेल तर न वापरलेली अ‍ॅप काढा, कॅशे पुसा.

मोबाइल हॉटस्पॉटवर पाहणाऱ्यांनी हनुमान जयंती आणि श्रावणी शनिवार लक्षात ठेवावेत. गावातल्या भद्रा मारुतीच्या दर्शनाला गर्दी लोटते, तेव्हा एकाच टॉवरवर असंख्य फोन येतात. त्या दिवशी चित्राचा दर्जा ४८०पी वर आणा, किंवा आदल्या रात्रीच डाउनलोड करून ठेवा.