मांजराची साखर मोजायची तर मशीन कोणती घ्यावी?

कापड, किराणा किंवा धान्याचा कारोबार करणाऱ्याला मांजराची किंमत सांगावी लागत नाही. उंदीर एकदा साड्यांच्या गठ्ठ्यात शिरला की एका रात्रीत किती माल बाद होतो, हे ज्याचे त्याला माहीत असते. संग्रामपूर असो, वरवट बकाल असो की पातुर्डा, दुकानात किंवा गोदामात मांजर असणे ही काही नवी गोष्ट नाही. दहा-दहा वर्षे मालाची राखण केलेले हे बेजबान जनावर म्हातारपणी आजारी पडले, तर ‘जनावरच ते’ म्हणून सोडून देणे इमानदारीला धरून नाही.

माणसासारखाच मधुमेह मांजरालाही होतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. वाढलेले वय, लठ्ठपणा, सतत बसून राहणे आणि काही वेळा स्टेरॉइडची औषधे ही त्याची मुख्य कारणे. खसी केलेल्या बोक्यात तो जास्त आढळतो. लक्षणे अशी : मांजर फार पाणी पिते, वारंवार लघवी करते, भरपूर खाऊनही वाळत जाते. आजार जुना झाला की काही मांजरे मागच्या पायांचे तळवे घोट्यापर्यंत जमिनीला टेकवून चालू लागतात. उपचार लवकर सुरू झाले आणि खुराक सुधारला, तर काही मांजरांचे इन्सुलिन पुढे बंदही करता येते. मात्र त्यासाठी घरच्या घरी साखर मोजता आली पाहिजे.

घरीच का? कारण मांजर घाबरट असते. दवाखान्याचा वास, परके हात आणि कुत्र्यांचे भुंकणे एवढ्यानेच त्याची साखर चढते. निरोगी मांजरसुद्धा भीतीपोटी २०० च्या पुढे जाऊ शकते. त्यामुळे दवाखान्यातल्या एकाच आकड्यावर इन्सुलिनचे माप ठरवले तर धोका होतो. आपल्या घरात, आपल्या माणसाच्या मांडीवर घेतलेला आकडा त्यापेक्षा अधिक भरवशाचा असतो.

माणसाची मशीन मांजराला चालते का?

चालते, पण एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. रक्तातली साखर दोन जागी असते, पातळ द्रवात आणि तांबड्या पेशींत. माणसात साधारण ५८ टक्के साखर द्रवात आणि ४२ टक्के पेशींत असते. मांजरात सुमारे ९३ टक्के द्रवात आणि अवघी ७ टक्के पेशींत असते. माणसाची मशीन माणसाचे रक्त गृहीत धरून आकडा काढते. म्हणून मांजराच्या रक्तात ती प्रयोगशाळेपेक्षा बहुधा कमी आकडा दाखवते.

जनावरांसाठी वेगळ्या मशीनही निघाल्या आहेत. अल्फाट्रॅक हे त्यातले प्रसिद्ध नाव. तिच्यात कुत्रा आणि मांजर यांचा कोड वेगळा असतो. तो चुकीचा लावला तर आकडाही चुकीचा येतो. ही मशीन तालुक्याच्या औषध दुकानात सहज मिळण्यासारखी नाही. मशीन बाहेरून मागवली तर तिच्या पट्ट्याही कायम बाहेरूनच मागवाव्या लागतील. पट्ट्या संपल्या आणि पार्सल आठ दिवस लांबले, तर मशीन पेटीत पडून राहील.

कापडवाल्यांना हा मामला एका मिसालीने चटकन कळेल. गज ३६ इंचांचा आणि मीटर ३९ इंचांहून थोडा अधिक. दोन्ही मापे खरी आहेत. पण सकाळी गजाने मोजले, संध्याकाळी मीटरने मोजले आणि वहीत नुसते ‘दहा’ लिहिले, तर हिशेब बुडाला. साखरेचेही तसेच आहे. माणसाची मशीन हा गज समजा. गजाने मोजायला हरकत नाही, पण रोज गजानेच मोजावे आणि आपण गजाने मोजतो हे डॉक्टरांना सांगून ठेवावे. आज एक मशीन, उद्या शेजाऱ्याची दुसरी, परवा लॅबचा आकडा, अशी सरमिसळ करू नये.

खरेदीपूर्वी या गोष्टी पाहाव्यात

१) पट्टी गावात मिळते का? संग्रामपूर, शेगाव किंवा खामगावच्या औषध दुकानात ज्या मशीनची पट्टी बाराही महिने मिळते, तीच घ्यावी. घरात कुणा माणसाला मधुमेह असेल तर त्याच कंपनीची दुसरी मशीन घेणे फायद्याचे, कारण पट्टी एकच लागते. मात्र मशीन दोघांत एक ठेवू नये. तिच्या स्मरणात अब्बांचे आणि मांजराचे आकडे मिसळतात. टोचण्याची सुई तर कदापि एक नसावी.

२) रक्त किती लागते? मांजराच्या कानाच्या कडेतून राईच्या दाण्याहून लहान थेंब निघतो. अर्धा मायक्रोलिटर किंवा त्याहून कमी रक्तावर चालणारी मशीन पाहावी. थेंब अपुरा पडल्यास त्याच पट्टीवर पुन्हा रक्त लावू देणारी मशीन असेल तर पट्ट्यांची नासाडी वाचते.

३) तांबड्या पेशींची मर्यादा. मांजराच्या रक्तात पेशींचे प्रमाण माणसापेक्षा कमी असते आणि आजारी मांजरात ते आणखी घटते. पेशी कमी असल्या की पुष्कळ मशीन आकडा फुगवून दाखवतात. पट्टीच्या माहितीपत्रकात ‘हिमॅटोक्रिट’ या नावाने ही मर्यादा छापलेली असते. ती २० टक्क्यांपासून सुरू होत असेल तर उत्तम.

४) एकक कोणते? आपल्याकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर चालते. नातेवाइकाने परदेशातून आणलेली मशीन मिलिमोलमध्ये आकडा देत असेल, तर त्याला १८ ने गुणावे लागते. तिथला ५.५ म्हणजे आपला ९९. घाईच्या वेळी असा गुणाकार जीवावर बेतू शकतो. शिवाय तिची पट्टी इथे मिळेलच असे नाही.

५) तपासणीचे द्रावण. वजनमापे जशी तपासून घ्यावी लागतात, तशी मशीनही तपासावी लागते. ठरावीक साखरेचे ‘कंट्रोल सोल्यूशन’ त्यासाठी असते. ते मिळते का, हे दुकानदाराला आधीच विचारावे.

६) सुई. सुईचा नंबर सुताच्या काउंटसारखा असतो, नंबर मोठा तितकी ती बारीक. फार बारीक सुईने मांजराच्या कानातून रक्त येत नाही. सुरुवातीला २६ ते २८ नंबर सोयीचा पडतो. टोचण्याआधी कोमट कपड्याने कान शेकला की थेंब लवकर येतो.

खरा खर्च पट्टीचा

मशीन स्वस्त दिसते, कधी पट्ट्यांबरोबर फुकटही मिळते. त्यात दुकानदाराचे उपकार नाहीत. त्याचा गिऱ्हाईक पुढची कित्येक वर्षे पट्टीला बांधला जातो. जुलै २०२१ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने ग्लुकोमीटरसह पाच उपकरणांवरील व्यापारी नफ्याला ७० टक्क्यांची मर्यादा घातली. त्यापूर्वी या मालात नफ्याला किती वाव होता, ते यावरून व्यापाऱ्याच्या ध्यानात येईल.

हिशेब असा मांडावा. इन्सुलिनच्या आधी सकाळ-संध्याकाळ एकेक पट्टी, म्हणजे महिन्याला ६०. शिवाय महिन्यातून एक दिवस बारा तास दर दोन तासांनी मोजायचे, त्याच्या ७. एकूण ६७. समजा एक पट्टी १८ रुपयांची आहे, तर महिन्याला १,२०६ रुपये लागतील. तीच १२ रुपयांची असेल तर ८०४. वर्षाचा फरक ४,८२४ रुपये, म्हणजे मशीनच्या किमतीचा फरक काहीच नव्हे. म्हणून आधी पट्टीचा भाव विचारावा, मग मशीनचा.

चौदा दिवस कातडीवर चिकटून राहणारा सेन्सरही मांजराला लावता येतो. पण तो महाग असतो आणि मांजर त्याला चौदा दिवस टिकू देईलच असे नाही. सुरुवातीला डोस बसवताना डॉक्टर सुचवतील तर तो जरूर विचारात घ्यावा.

उन्हाळ्याची खबरदारी

बहुतेक पट्ट्यांवर ३० अंशांपर्यंतच्या तापमानात ठेवा असे लिहिलेले असते. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा ४० च्या पुढे जातो. पत्र्याच्या दुकानात, गल्ल्यात किंवा मोटारसायकलच्या डिकीत डबी राहिली, तर पट्टी वरून चांगली दिसेल, पण आकडा खोटा देईल. घरातल्या सर्वात थंड आणि कोरड्या खोलीत डबी घट्ट बंद करून ठेवावी. डबीवर तशी परवानगी नसेल तर फ्रिजमध्ये ठेवू नये. गार डबी बाहेर उघडली की आत दव धरते. डबी उघडल्याची तारीख पेनाने तिच्यावर लिहावी. उघडल्यानंतर तीन महिने चालते की सहा, हे लेबलवर छापलेले असते. मशीन विकत घेताना पट्टीची शेवटची तारीखही पाहावी. जुना स्टॉक सवलतीत मिळतो, तो का, हे आपल्याला सांगायला नको.

आकडा आला, पुढे काय?

निरोगी, शांत मांजराची साखर साधारण ७० ते १५० असते. माणसाच्या लघवीत १८० च्या पुढे साखर उतरू लागते, मांजराच्या मात्र साधारण २५० ओलांडल्यावर. म्हणून माणसाचा कोष्टक मांजराला लावू नये. इन्सुलिन सुरू असताना दिवसातला सर्वात खालचा आकडा ८० ते १५० च्या दरम्यान राहावा, असा सर्वसाधारण प्रयत्न असतो. तुमच्या मशीनवर कोणत्या आकड्याखाली इन्सुलिन द्यायचे नाही, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावे.

साखर वाढलेले मांजर काही दिवस तग धरते, पण साखर फार उतरलेले मांजर तासाभरातही जाऊ शकते. ते लटपटू लागले, झटके येऊ लागले, तर हिरड्यांना मध किंवा साखरेचे पाणी चोळावे आणि लगेच दवाखाना गाठावा. बेशुद्ध मांजराच्या तोंडात पाणी ओतू नये.

इथेच सिरिंजची गोष्ट येते. आपल्याकडे ४० युनिटचे आणि १०० युनिटचे, असे दोन्ही इन्सुलिन मिळते. ४० ची सिरिंज लाल टोपीची आणि १०० ची नारिंगी टोपीची. १०० युनिटचे इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजमध्ये एका खुणेपर्यंत भरले, तर मांजराला एकाऐवजी अडीच युनिट जाते. एवढ्याशा जिवाला एवढा फरक फार होतो. मशीन कितीही चांगली असली तरी ही चूक ती आधी दाखवत नाही. घरातल्या माणसाच्या गोळ्याही मांजराला परस्पर देऊ नयेत.

डोस कोण ठरवणार? आधी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवावे. गरज पडल्यास शेगावहून रेल्वेने अकोला गाठता येते. तिथे महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आहे. जाताना मशीन, पट्टीची डबी, सिरिंज आणि आकड्यांची वही सोबत न्यावी. डॉक्टर लॅबसाठी रक्त काढतील, त्याच थेंबाची आपल्या मशीनवर मोजणी करून घ्यावी. आपला गज लॅबच्या मीटरपेक्षा किती आखूड आहे, हे तिथेच समजेल.

सारांश इतकाच : ज्या मशीनची पट्टी गावात मिळते, जी थोड्या रक्तावर चालते, ती घ्यावी आणि मग बदलू नये. तारीख, वेळ, आकडा, खाणे आणि इन्सुलिन हे पाच रकाने वहीत रोज भरावेत. रोजमेळ लिहिणाऱ्या हाताला हे काम जड नाही.