खुबा दुखतो, एक्स-रे टोंगळ्याचा

खुब्याचं दुखणं फसवं असतं. ते दाखवताना कुणी कंबरेला हात लावतो, कुणी कुल्ल्याला, तर कुणी थेट टोंगळ्यावर बोट ठेवतो. खुबा आणि टोंगळा या दोन्हींकडे जाणाऱ्या काही नसा एकच आहेत, त्यामुळे झीज वर असली तरी कळ खाली उमटते. मग एक्स-रे टोंगळ्याचा निघतो. पन्नाशीनंतर त्यात थोडीफार झीज दिसतेच. त्यानंतर तेल, पट्टा, गोळ्या, सुया असं सगळं भलत्याच सांध्यासाठी वर्षभर चालू राहतं.

झिजलेला खुबा बहुतेकदा जांघेत दुखतो. मांडी घालून बसता येत नाही, पायाची नखं काढता येत नाहीत, मोटारसायकलवर टांग टाकताना जीव जातो. तपासणी मिनिटभराची आहे. रुग्णाला उताणं झोपवून टोंगळा काटकोनात वर घ्यायचा आणि पाऊल हळूच बाहेरच्या बाजूला न्यायचं. पाऊल बाहेर गेलं की मांडीचं हाड खुब्यात आत वळतं. झिजलेला सांधा तिथेच अडतो आणि रुग्ण जांघेवर हात नेतो. त्यानंतर दोन्ही खुबे दिसतील असा कटिभागाचा एक एक्स-रे काढला, की बहुतेकांचं निदान होतं.

पुढचा उपचार आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फार वेळा उलट्या क्रमाने होतो, आणि ते मला खटकतं. पहिल्याच दिवशी कुल्ल्यात सुई मिळते आणि काठी सगळ्यात शेवटी येते. काठी धरली की म्हातारपण आलं, लोक काय म्हणतील, या विचाराने बाया वावरात लंगडत राहतात. वास्तविक काठीइतका स्वस्त आणि लगेच गुण देणारा उपाय या दुखण्यावर दुसरा नाही. चालताना ज्या क्षणी आपण एका पायावर असतो, त्या क्षणी त्या खुब्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच ते तीन पट भार येतो. साठ किलोच्या बाईच्या खुब्यावर दीडशे किलोहून जास्त! वजन सांध्याच्या आतल्या बाजूला ओढतं आणि कटिभाग आडवा ठेवण्यासाठी बाहेरच्या बाजूच्या स्नायूंना दुप्पट जोर लावावा लागतो. काठी दुखऱ्या बाजूच्या विरुद्ध हातात धरली की हा जोर बराच कमी होतो. बहुतेक जण मात्र दुखतं त्याच बाजूला काठी धरतात आणि तिचा अर्धाअधिक फायदा घालवतात. हात सरळ खाली सोडल्यावर मनगटाच्या घडीपर्यंत येईल एवढी उंची पुरे. खाली रबरी टोपण हवं, आणि काठी दुखऱ्या पायाबरोबर पुढे पडायला हवी.

डोक्यावरचं ओझंही याच हिशोबात येतं. वेचणीच्या वेळी कापसाची ओटी गच्च भरू न देता धुऱ्यावर लवकर लवकर रिकामी करावी. गठ्ठा डोक्यावर न घेता बंडीपर्यंत दोघींनी धरून न्यावा. निंदण उकिडवं बसून करण्यापेक्षा लांब दांड्याच्या अवजाराने उभ्याने करावं. वेचणीची मजुरी किलोवर मिळते, तिथे हे सांगणं सोपं नाही, हे मला ठाऊक आहे. पण सांध्याला विश्रांती द्या असं सांगून पाठवण्यापेक्षा काम कसं करायचं हे सांगितलेलं त्या बाईच्या कामी येतं.

दुखतं म्हणून पडून राहिलं तर मांडीचे आणि कुल्ल्याचे स्नायू आणखी रोडावतात. कुशीवर झोपून वरचा पाय सरळ उचलणं, पाठीवर झोपून टोंगळे वाकवून कंबर वर घेणं, हाताचा आधार न घेता खुर्चीवरून उठणं-बसणं, एवढे व्यायाम घरी होण्यासारखे आहेत. सुरुवातीला थोडं दुखेल. दुसऱ्या दिवसापर्यंत ते निवलं तर काळजीचं कारण नाही. गुण यायला दीड-दोन महिने लागतात, आणि बहुतेक लोक तिसऱ्या आठवड्यात व्यायाम सोडतात. वजन जास्त असेल तर ते उतरवणं हादेखील उपचारच.

आता औषधं. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या गोळ्यांनी दुखणं खरोखर कमी होतं, पण त्या कमीत कमी मात्रेत आणि थोडे दिवसच घ्याव्यात. पोटात व्रण, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नयेत. आपल्या उन्हाळ्यात अंगातलं पाणी आटलेलं असताना याच गोळ्या मूत्रपिंडाला जास्त बाधतात. खुबा खोल असल्यामुळे वरून लावलेलं मलम तिथवर फारसं पोचत नाही. ग्लुकोसामाइनच्या महागड्या गोळ्या आणि रक्तातून काढलेलं पीआरपी या दोन्हींविरुद्ध अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने 2019 साली स्पष्ट सल्ला दिला आहे. सोनोग्राफी किंवा एक्स-रेवर पाहत थेट सांध्यात दिलेलं स्टेरॉइड काही आठवडे, कधी काही महिने आराम देतं. कुल्ल्यात टोचलेली सुई म्हणजे हे नव्हे. शस्त्रक्रिया जवळ आली असेल तर हे इंजेक्शन टाळतात, कारण त्याने जंतुसंसर्गाचा धोका वाढतो.

स्टेरॉइडची दुसरी बाजू भयंकर आहे. बाजारात मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांनी दोन दिवसांत चमत्कार घडला, तर त्यात स्टेरॉइड मिसळल्याची शंका घ्यावी. ते दीर्घकाळ पोटात गेलं तर खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा बंद पडून हाड मरू शकतं. अति दारूनेही हेच होतं.

आणि विदर्भात हाड असं मरण्याचं आणखी एक मोठं कारण आहे, सिकलसेल. विदर्भातल्या आदिवासी आणि बौद्ध कुटुंबांत हा आजार बराच आढळतो. विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि खुब्याच्या गोळ्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या मुळातच थोड्या आणि बारीक असतात. म्हणून इथे विशीतला पोरगाही साठीच्या माणसासारखा लंगडतो. सुरुवातीला एक्स-रे साफ असतो, आजार एमआरआयमध्येच दिसतो. यवतमाळ जिल्ह्यात तरुण माणसाची जांघ दुखत असेल तर सिकलसेलची रक्ततपासणी झालीच पाहिजे, याबाबत मी आग्रही आहे. सोबत ताप येत असेल, वजन घटत असेल, तर सांध्याच्या क्षयाचाही विचार हवा. जिल्ह्याच्या ज्या भागांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, तिथे अनेक सांधे एकदम आखडले असतील तर पाणीही तपासून घ्यावं.

एवढं करूनही रात्रीची झोप उडाली, अंगणापर्यंत जाणंही अवघड झालं, की खुबा बदलण्याची वेळ आली असं समजावं. जॉन चार्नली यांनी इंग्लंडमधल्या राइटिंग्टन रुग्णालयात 1962 साली पोलादी गोळा आणि प्लास्टिकची वाटी हाडाच्या सिमेंटने पक्की बसवली, तिथून आजची शस्त्रक्रिया घडत आली. बदललेल्या दहा खुब्यांपैकी सुमारे सहा पंचवीस वर्षं टिकतात, असं परदेशातल्या मोठ्या नोंदी सांगतात. तरुणांना आयुष्यात तो पुन्हा बदलावा लागू शकतो, पण म्हणून वर्षानुवर्षं वेदनेत ठेवणं योग्य नाही. सिकलसेलच्या रुग्णाने भूलतज्ज्ञांना आजार आधीच सांगावा. शस्त्रक्रियेच्या वेळी त्याच्या अंगात पाणी, ऊब आणि प्राणवायू कमी पडून चालत नाही, आणि रक्ताची सोय आधी करावी लागते.

यवतमाळला वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. शेजारी वर्धा जिल्ह्यात सेवाग्राम आणि सावंगीची रुग्णालयं आहेत, पुढे नागपूरचं मेडिकल. आयुष्मान भारतच्या यादीत ही शस्त्रक्रिया आहे. ती कोणत्या रुग्णालयात होते आणि कागद कोणते लागतात, हे योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारावं. सिकलसेल आजाराचा 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात समावेश आहे, त्यामुळे पात्र रुग्णांना प्रमाणपत्रही मिळू शकतं.

शस्त्रक्रियेनंतरचे पहिले काही आठवडे उकिडवं बसायचं नसतं, आणि गावातले बहुतेक संडास जमिनीलगतच्या भांड्याचे. त्यावर ठेवायची भोकाची खुर्ची बाजारात मिळते, लोहाराकडूनही करून घेता येते. बाज बुटकी असेल तर तिच्या पायांखाली विटा सरकवून पक्क्या बसवाव्यात. ही सोय सुट्टी होण्याआधीच घरी झालेली असावी.