एक गाणे की सगळी गाणी?

एकादशीला देवळात भजन होते. मंडळी बसली की आधी रूपाचा अभंग घेतात. गौळण मागून येते. कुणी म्हणाले, "बुवा, आधी गौळणच होऊ द्या," तर बुवा हसतात आणि आपल्या क्रमानेच जातात.

आता हाती मोबाइल आला आहे. बोट लावले की हवे ते गाणे वाजते. पूर्वी असे नव्हते. जुन्या काळ्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटांचे एकच गाणे मावत असे. अशा तबकड्या ठेवायला जाड पुठ्ठ्याची वही असे. फोटोंच्या वहीसारखे तिलाही अल्बम म्हणत. १९४८ साली अमेरिकेत सावकाश फिरणारी तबकडी निघाली. तिच्या एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक वेळाची गाणी बसू लागली. पुठ्ठ्याची वही गेली, नाव मात्र राहिले. एकत्र काढलेल्या गाण्यांना आजही अल्बमच म्हणतात.

सगळे अल्बम सलग ऐकण्याजोगे असतात, असे नाही हं. दोन चांगली गाणी आणि आठ भरतीची, अशा कॅसेटी आम्ही पुष्कळ विकत घेतल्या. त्यांतले एकच निवडून ऐकले तर काही बिघडत नाही. पण काही गाणी एका दोऱ्यात ओवलेली असतात.

गीतरामायण घ्या. ग. दि. माडगूळकरांनी ते लिहिले, सुधीर फडक्यांनी चाली लावल्या. १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीच्या दिवशी, पुणे आकाशवाणीवर पहिले गाणे लागले. मग दर आठवड्याला एक नवे. त्या वर्षी अधिक महिना आला, म्हणून ५२ ची ५६ गाणी झाली. पुढचे गाणे ऐकायला लोक आठवडाभर थांबत. उडी मारून पुढे जायची सोयच नव्हती!

आमच्याकडे त्याच्या कॅसेटी होत्या. भरतभेटीचे गाणे आम्हाला फार प्रिय. राम भरताची समजूत घालतो. यात आईचा दोष नाही, वडिलांचाही नाही, म्हणतो. फीत मागेपुढे करून आम्ही तेवढेच ऐकायचो, डोळे पुसायचो आणि बंद करायचो. त्याच सुमारास शेताच्या बांधावरून आमचे आणि धाकट्या भावाचे बोलणे बंद होते. दोन वर्षे! त्याचा या गाण्याशी काही संबंध असेल, असे आमच्या कधी मनातही आले नाही.

एका दुपारी भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलो होतो. हात मातीने भरलेले. उठून फीत पुढे करायचा कंटाळा केला आणि कॅसेट चालू दिली. वडील गेल्याचे कळल्यावर भरत आईला नाही नाही ते बोलतो, ते गाणे लागले. पुढच्या गाण्यात लक्ष्मणाला भरताचे सैन्य दिसते आणि तो रामाला धनुष्यबाण घ्यायला सांगतो. भाऊच भावावर बाण रोखायला निघाला! ही दोन्ही गाणी आम्ही नेहमी गाळत होतो. गोड वाटत नव्हती ना.

त्यांच्यामागून रामाचे गाणे आले आणि हातातली शेंग हातातच राहिली. एवढा राग चहूकडे पेटलेला, आणि त्यात राम इतका शांत बोलतो आहे! नुसते ते एक गाणे ऐकताना आम्ही स्वतःला रामाच्या जागी धरत होतो. आमची जागा खरी लक्ष्मणाची होती.

संध्याकाळी भावाच्या ओट्यावर गेलो. बोलणे फार झाले नाही. चहा झाला.

तुम्हाला मोबाइलवर असे सलग ऐकायचे असेल, तर एक गोष्ट पाहा. गाण्याजवळ दोन बाण एकमेकांवरून गेल्याची खूण असते. ती चालू असली की गाणी उलटसुलट क्रमाने वाजतात. तिच्यावर बोट ठेवून ती बंद करा. मग अल्बमचे नाव शोधा, त्यातले पहिले गाणे लावा आणि फोन फळीवर ठेवून आपल्या कामाला लागा.