दरबारी बंडाळीतील चांदबीबी

इ. स. १५९५ मध्ये इब्राहिम निजामशाह रणांगणी पडला, आणि अहमदनगरच्या तख्तासाठी दखनी व हबशी सरदारांत जी बंडाळी माजली, तिच्या भरात वजीर मियाँ मंजूने मोगल शाहजादा मुराद यास आपण होऊन पाचारण केले. अशा समयी हुसेन निजामशाहाची कन्या आणि विजापूरच्या अली आदिलशाहाची विधवा चांदबीबी हिने इब्राहिमचा अल्पवयीन पुत्र बहादूरशाह याच्या नावाने किल्ल्याची मुखत्यारी हाती घेतली, मुरादच्या वेढ्यात सुरुंगाने ढासळलेला तट रातोरात पुन्हा उभारविला, आणि १५९६ मध्ये मोगलांस वऱ्हाड देऊन तह केला. प्रांत गेला, दौलत तूर्त वाचली.

१६०० मध्ये मोगल शाहजादा दानियालचा वेढा पडला, तेव्हा किल्ला सोडून बहादूरशाहासह जुन्नरास जाण्याची तिची मसलत ही, आमच्या मते, त्या दरबारातील एकमेव शहाणपणाची मसलत होती. परंतु चांदबीबी मोगलांस फितूर झाल्याची आवई सरदार हमीदखानाने उठविली, आणि क्षुब्ध सैनिकांनी महालात शिरून तिचा वध केला. लवकरच किल्ला पडला व बहादूरशाह ग्वाल्हेरच्या बंदिवासात गेला.

नगरजवळील डोंगरावरच्या ज्या वास्तूस लोक ‘चांदबीबीचा महाल’ म्हणतात, ती वस्तुतः निजामशाही वजीर सलाबतखान याची कबर आहे.