टाईप १ मधुमेह असलेल्या विद्यार्थ्याचे दैनंदिन व्यवस्थापन आणि महाविद्यालयाचे वेळापत्रक

प्रस्तावना :

मधुमेह म्हटले की आपल्या समाजात चाळिशी ओलांडलेली, काहीशी स्थूल व्यक्ती डोळ्यांसमोर येते. चालणे वाढवा, गोड टाळा, गोळ्या वेळेवर घ्या, हा सल्लाही त्याच व्यक्तीला डोळ्यांसमोर ठेवून दिला जातो. टाईप १ मधुमेह हा याहून मूलतः वेगळा आजार आहे. त्यात शरीराची स्वतःचीच रोगप्रतिकारक यंत्रणा स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या बीटा पेशी नष्ट करते. बहुधा बालपणी वा तारुण्यात सुरू होणारा हा आजार गोड खाल्ल्याने होत नाही, आळसाने होत नाही आणि पथ्याने बराही होत नाही. बाहेरून इन्सुलिन घेणे हाच त्यावरील उपाय असून तो आयुष्यभर, दररोज करावा लागतो.

१९२१ मध्ये टोरांटो येथे फ्रेडरिक बँटिंग व चार्ल्स बेस्ट यांनी जॉन मॅक्लिऑड यांच्या प्रयोगशाळेत इन्सुलिन वेगळे केले आणि जेम्स कॉलिप यांनी ते रुग्णास देण्याइतके शुद्ध केले. जानेवारी १९२२ मध्ये चौदा वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसन या मुलाला ते प्रथम टोचण्यात आले. तत्पूर्वी या आजाराचे निदान म्हणजे अल्पावधीत मृत्यू, असेच समीकरण होते. १४ नोव्हेंबर हा बँटिंग यांचा जन्मदिन जागतिक मधुमेह दिन म्हणून पाळला जातो. आपल्याकडे तोच दिवस बालदिन असतो, हा योगायोग या आजाराच्या संदर्भात अर्थपूर्ण ठरतो. इन्सुलिनमुळे ही मुले जगू लागली, शिकू लागली आणि आज ती महाविद्यालयाच्या वर्गात बसलेली आहेत. तेथे त्यांचा दिवस कसा जातो, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

उद्दिष्टे :

१. टाईप १ मधुमेहाच्या दैनंदिन व्यवस्थापनाचे स्वरूप समजावून घेणे.
२. इन्सुलिनचा प्रकार आणि विद्यार्थ्याचे वेळापत्रक यांतील संबंध स्पष्ट करणे.
३. प्राध्यापक व महाविद्यालय यांच्या भूमिकेविषयी व्यवहार्य सूचना मांडणे.

विषय विवेचन :

अ) रोजचे गणित

निरोगी माणसाचे स्वादुपिंड रक्तातील साखर पाहून क्षणोक्षणी इन्सुलिन सोडते. टाईप १ मधुमेहात हे काम व्यक्तीला स्वतः करावे लागते. साखर किती आहे, आता काय खायचे आहे आणि पुढील काही तासांत शरीराला किती श्रम होणार आहेत, या तीन गोष्टींचा अंदाज घेऊन मात्रा ठरवावी लागते. समजा, एखाद्या विद्यार्थ्याला पंधरा ग्रॅम कर्बोदकांसाठी एक युनिट इन्सुलिन लागते. त्याच्या ताटात साठ ग्रॅम कर्बोदके असतील, तर त्याला चार युनिट घ्यावे लागतील. हे प्रमाण प्रत्येकाचे वेगळे असते. ताप, ताण, मासिक पाळी यांनुसार ते एकाच व्यक्तीतही बदलते.

येथे 'गोड' आणि 'तिखट' हा भेद फारसा उपयोगी पडत नाही. पोळी, भात, भाकरी, बटाटा या सर्वांतून साखर तयार होते. ज्वारीची भाकरी पथ्याची मानली जाते, परंतु तिच्या पिठातील कर्बोदकांचे प्रमाण गव्हाच्या पिठाच्या जवळपासच असते. मोठी भाकरी दोन फुलक्यांहून अधिक भरू शकते. उपवासाचा साबुदाणा तर जवळजवळ निव्वळ पिष्टमय पदार्थ आहे. याचा अर्थ हे पदार्थ वर्ज्य आहेत असा नव्हे. पुरणपोळी वा मोदकही हिशेबात धरून खाता येतो. मात्र हिशेब चुकवून चालत नाही.

दिवसातून चार वेळा इन्सुलिन घेणारी व्यक्ती वर्षाकाठी १४६० वेळा सुई टोचून घेते. बोटातून रक्त काढून केलेल्या तपासण्या वेगळ्या. इतके कष्ट का घ्यायचे, या प्रश्नाचे उत्तर १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या डी.सी.सी.टी. या अमेरिकेतील व कॅनडातील दीर्घ अभ्यासाने दिले. साखर काटेकोरपणे नियंत्रित ठेवल्यास डोळे, मूत्रपिंड व मज्जातंतूंचे विकार मोठ्या प्रमाणात टाळता वा लांबवता येतात, हे त्यातून सिद्ध झाले. वसीम अक्रम यांना १९९७ मध्ये या आजाराचे निदान झाले. त्यानंतरही ते जलदगती गोलंदाजी करीत राहिले आणि २००३ च्या विश्वचषकात त्यांनी एकदिवसीय सामन्यांतील पाचशेवा बळी मिळवला. आजार कर्तृत्वाला अडवत नाही, मात्र शिस्त मागतो, एवढाच याचा अर्थ.

ब) स्वस्त इन्सुलिन आणि कडक घड्याळ

सर्व इन्सुलिन सारखे नसते. नव्या पद्धतीत दिवसभर संथपणे काम करणारे एक इन्सुलिन आणि प्रत्येक जेवणाच्या वेळी घ्यावयाचे शीघ्र परिणामी दुसरे इन्सुलिन, अशी जोडी वापरली जाते. जेवण तासभर लांबले, तर जेवणाचे इन्सुलिनही तासभर लांबवता येते. म्हणजेच घड्याळ माणसाच्या मागे चालते.

तथापि अनेक कुटुंबांना परवडते ते ३०/७० हे मिश्र मानवी इन्सुलिन. ते साधारणतः सकाळी व रात्री जेवणापूर्वी अर्धा तास घेतले जाते. त्यातील तीस टक्के भाग दोन ते चार तासांत आणि उरलेला सत्तर टक्के भाग चार ते दहा तासांदरम्यान सर्वाधिक परिणाम करतो. एकदा टोचल्यावर हा परिणाम मागे घेता येत नाही. ठरल्या वेळी अन्न पोटात गेले नाही, तरी इन्सुलिन आपले काम करीतच राहते. येथे माणसाला घड्याळाच्या मागे धावावे लागते.

ग्रामीण भागातून येणाऱ्या विद्यार्थिनीचा दिवस या दृष्टीने पाहावा. सकाळी साडेसहाला इन्सुलिन घेऊन, नाश्ता करून ती सातची एस.टी. पकडते. दुपारी बाराच्या सुमारास तिच्या शरीरात इन्सुलिनचा जोर असतो. नेमक्या त्याच वेळी तिचे प्रात्यक्षिक सुरू असते, मधली सुट्टी एक वाजता असते, आणि पाहुण्यांचे व्याख्यान लांबल्यास तीही दीड-दोनवर जाते. वर्गातील इतरांना केवळ भूक लागते. तिची साखर मात्र धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. यातून एक विसंगती समोर येते. ज्या विद्यार्थ्याची आर्थिक स्थिती कमकुवत, त्याचे इन्सुलिन सर्वांत कमी लवचिक. आणि म्हणून त्यालाच संस्थेकडून सर्वाधिक लवचिकतेची गरज असते. वेळापत्रक ही संस्थेच्या दृष्टीने प्रशासकीय बाब असली, तरी या विद्यार्थ्यासाठी ती औषधोपचाराचाच भाग ठरते.

क) साखर उतरणे : ओळख व उपाय

रक्तशर्करा ७० मि.ग्रॅ. प्रति डेसिलिटरपेक्षा कमी होण्यास हायपोग्लायसेमिया म्हणतात. ५४ च्या खाली ती गंभीर समजली जाते. हात थरथरणे, घाम, धडधड, भूक ही प्रारंभीची लक्षणे होत. पुढे चिडचिड, असंबद्ध बोलणे, प्रश्नाला उत्तर न देणे, तोल जाणे अशी लक्षणे दिसतात. याच टप्प्यावर गैरसमज होण्याची शक्यता सर्वाधिक असते. विद्यार्थी उद्धट आहे, लक्ष देत नाही, किंबहुना नशेत आहे, असा ग्रह होऊ शकतो.

उपाय साधा आहे. विद्यार्थी शुद्धीवर असल्यास व गिळू शकत असल्यास सुमारे पंधरा ग्रॅम साखर, म्हणजे साधारण तीन चहाचे चमचे, पाण्यात विरघळवून वा ग्लुकोज पावडर त्वरित द्यावी. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. साखर वाढली नसल्यास हेच पुन्हा करावे. चॉकलेट वा बिस्किटे या क्षणी तितकीशी उपयोगी नाहीत. त्यांतील स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. विद्यार्थी बेशुद्ध असल्यास तोंडात काहीही घालू नये, कुशीवर वळवावे आणि तातडीने रुग्णालयात न्यावे. त्याला एकट्याने पाणी प्यायला वा घरी पाठवणे हे सर्वांत घातक पाऊल ठरते.

साखर पूर्ववत झाल्यानंतरही विचारशक्ती पूर्णपणे स्थिरावण्यास आणखी अर्धा-पाऊण तास लागू शकतो. परीक्षागृहात हा अर्धा-पाऊण तास एखाद्या विद्यार्थ्याचे वर्ष ठरवू शकतो. तसेच कवायत, क्रीडास्पर्धा वा राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरातील श्रमदान यांचा परिणाम कित्येक तास टिकतो. दिवसा ठणठणीत दिसलेल्या विद्यार्थ्याची साखर रात्री झोपेत उतरू शकते. त्यास शिबिरातून वगळणे हा त्यावरील उपाय नव्हे. सोबत्यांना कल्पना असणे, रात्रीचे खाणे आणि तपासणी हा उपाय होय.

ड) वसतिगृह, आजारपण आणि उन्हाळा

याच्या उलट धोका साखर वाढण्याचा असतो. ताप वा उलट्या झाल्या की विद्यार्थी जेवत नाही आणि जेवण नाही म्हणून इन्सुलिनही बंद करतो. ही समजूत जीवघेणी ठरू शकते. आजारपणात शरीराची इन्सुलिनची गरज बहुधा वाढते. इन्सुलिनअभावी शरीर चरबी जाळू लागते, कीटोन आम्ले रक्तात साचतात आणि उलट्या, पोटदुखी, खोल व जलद श्वास अशी लक्षणे दिसतात. वसतिगृहाच्या खोलीत 'पित्त झाले असेल' म्हणून रात्र काढली जाते. प्रत्यक्षात ती रात्र रुग्णालयात काढण्याची असते. जडीबुटी वा चमत्कारिक उपचारांच्या भरवशावर इन्सुलिन थांबवल्यासही हाच परिणाम होतो.

न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावे लागते. वापरात असलेली कुपी सर्वसाधारण तापमानात सुमारे चार आठवडे टिकते, मात्र विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांपलीकडे जातो. फ्रीज नसल्यास कुपी कोरड्या, घट्ट झाकणाच्या डबीत घालून ती ओल्या वाळूने वेढलेल्या मातीच्या मडक्यात ठेवण्याचा उपाय उपयोगी पडतो. कुपी पाण्यात बुडू देऊ नये व बर्फाशी तिचा संपर्क येऊ देऊ नये. गोठलेले इन्सुलिन निरुपयोगी होते. सुईबाबतही दक्षता हवी. आपल्याकडे ४० युनिट प्रति मिलिलिटर आणि १०० युनिट प्रति मिलिलिटर अशा दोन्ही तीव्रतांचे इन्सुलिन मिळते. पहिल्यासाठी लाल टोपणाची व दुसऱ्यासाठी नारिंगी टोपणाची सिरिंज असते. त्यांची अदलाबदल झाल्यास मात्रा अडीचपट वाढू वा घटू शकते. परगावी घाईत खरेदी करणाऱ्या विद्यार्थ्याला हे ठाऊक असणे अत्यावश्यक आहे.

इ) लपवण्याची किंमत

हा आजार लपवला जातो, विशेषतः मुलींच्या बाबतीत. 'पुढे लग्न कसे होणार', या चिंतेने पालकच मौन पाळण्यास सांगतात. वस्तुतः आईला टाईप १ मधुमेह असल्यास अपत्याला तो होण्याची शक्यता शंभरात एक ते चार, तर वडिलांना असल्यास शंभरात सुमारे सहा इतकीच असते. योग्य नियंत्रण असल्यास सुखरूप मातृत्वही शक्य असते. परंतु भीती आकड्यांना जुमानत नाही. परिणामी विद्यार्थिनी स्वच्छतागृहात इन्सुलिन टोचून घेते, सर्वांसमोर तपासणी टाळते आणि साखर उतरली तरी डबा उघडत नाही. अशा वेळी तिच्या शेजारी बसलेल्या मैत्रिणीलाही काय करावे, हे माहीत नसते.

ई) नियमांतील पोकळी

केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१७ मध्ये टाईप १ मधुमेह असलेल्या परीक्षार्थींना साखरेच्या गोळ्या, फळे, अल्पोपाहार व पाणी परीक्षागृहात नेण्याची मुभा दिली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२२ मध्ये या आजारासाठी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने २०२३ मध्ये शाळांतील अशा मुलांच्या काळजीविषयी राज्यांना पत्र पाठवले. मात्र शाळा आणि बालक यांच्यासाठी केलेल्या या तरतुदींचा आधार अठरा वर्षे पूर्ण करून महाविद्यालयात आलेल्या विद्यार्थ्याला घेता येत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या २१ प्रकारांत थॅलेसेमिया, हिमोफिलिया व सिकलसेल यांचा समावेश आहे, टाईप १ मधुमेहाचा नाही. त्यामुळे केवळ या आजाराच्या आधारे त्या अधिनियमाखालील सवलत मागता येत नाही. ही पोकळी तूर्त तरी महाविद्यालयाच्या व प्राध्यापकाच्या विवेकानेच भरून निघू शकते.

सूचना :

१. प्रवेशाच्या वेळी आजाराची ऐच्छिक व गोपनीय नोंद करण्याची सोय असावी. माहिती विद्यार्थ्याच्या संमतीनेच संबंधित प्राध्यापकांना द्यावी.
२. वर्गात, प्रयोगशाळेबाहेर वा ग्रंथालयात गरजेनुसार खाण्यास, तपासणी करण्यास व इन्सुलिन घेण्यास मुभा असावी. त्यासाठी दरवेळी परवानगी मागावी लागू नये.
३. परीक्षा विभागाने पर्यवेक्षकांना लेखी सूचना देऊन साखर, पाणी व ग्लुकोमीटर आत नेण्यास अनुमती द्यावी. ज्यांच्या दंडावर संवेदक बसवलेला असतो त्यांच्या उपकरणाकडे संशयाने पाहिले जाऊ नये.
४. विभागात, जिमखान्यात व वसतिगृहात ग्लुकोज पावडर ठेवावी. वसतिगृहातील फ्रीज रात्रीही उपलब्ध असावा.
५. सुई उघड्यावर टाकली जाऊ नये म्हणून जाड, झाकणाचा डबा ठेवावा.
६. वर्षातून एकदा शिक्षक व शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना प्रथमोपचाराची माहिती द्यावी.

समारोप :

टाईप १ मधुमेह असलेल्या विद्यार्थ्याचे व्यवस्थापन हे वरकरणी त्याचे वैयक्तिक काम वाटते. इन्सुलिन तोच घेतो, हिशेब तोच करतो. परंतु त्याच्या हिशेबातील एक मोठी राशी, म्हणजे वेळ, त्याच्या हाती नसते. ती वेळापत्रक आखणाऱ्या, तास लांबवणाऱ्या आणि परीक्षागृहाच्या दारावर उभ्या असणाऱ्या व्यक्तींच्या हाती असते. वरील सूचनांपैकी बहुतेकांना खर्च जवळजवळ नाही. 'सर, मला दोन मिनिटे हवीत' असे म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला कारण न विचारता ती दोन मिनिटे देणे, एवढ्यापासून त्यांची सुरुवात होऊ शकते.