सोमवारचे पाय

जानेवारीतल्या रविवारी मुंबई मॅरेथॉन होते. ती कोण धावलं, हे सोमवारी सकाळी रेल्वेच्या पुलावर विचारावं लागत नाही. जिना चढताना ही मंडळी ठीकठाक असतात, उतरताना मात्र कठडा घट्ट धरून, आडवं वळून, एकेक पायरी. ऑफिसात कुणीतरी जाणकार भेटतोच: "लॅक्टिक ॲसिड साठलंय. थोडं पळून ये, निघून जाईल."

हे साफ चूक आहे. धावताना रक्तात वाढलेलं लॅक्टेट शर्यत संपल्यावर साधारण तासाभरात मूळ पातळीवर येतं. मुळात तो कचराही नव्हे, हृदय आणि स्नायू ते इंधन म्हणून जाळतात. रविवारी दुपारच्या आत जे संपलं, ते सोमवारी कसं दुखवेल? दुखतं ते स्नायूंच्या तंतूंना झालेल्या सूक्ष्म इजांमुळे आणि त्या भरून काढताना येणाऱ्या दाहामुळे. हे काम सावकाश चालतं, म्हणून दुखणं 24 ते 72 तासांत टोकाला जातं. मंगळवार सोमवारपेक्षा वाईट गेला, तर घाबरण्यासारखं काही नाही.

उतरतानाच का दुखतं, याचंही उत्तर इथेच आहे. पायरी उतरताना मांडीचा पुढचा स्नायू अंगाचा भार तोलून धरतो आणि त्याच वेळी ताणलाही जातो. या प्रकारच्या कामात तंतूंना सगळ्यात जास्त इजा होते, आणि धावताना जमिनीवर टेकलेलं प्रत्येक पाऊल म्हणजे हेच काम. पेडर रोडचा चढ सगळ्यांच्या बोलण्यात असतो, पण मांड्यांना महागात पडतो तो त्यापुढचा उतार. देशी पद्धतीच्या संडासात बसताना याचा हिशेब चुकता होतो.

आता सगळ्यात घातक समजूत: दुखायचं थांबलं म्हणजे बरं झालं. दुखणं बहुतेकांचं चार-पाच दिवसांत ओसरतं आणि पुढच्या रविवारी गडी पुन्हा वीस किलोमीटरला निघतो. आतली दुरुस्ती मात्र तेवढ्यात उरकलेली नसते. दुखावलेल्या स्नायूंतून क्रिएटिन कायनेज नावाचं विकर रक्तात झिरपतं, ते आठवडाभरही चढलेलं राहू शकतं. 'जितके मैल तितके दिवस आराम', म्हणजे 26 दिवस शर्यतीच्या जोरात धावायचं नाही, असा एक जुना ठोकताळा धावपटूंमध्ये आहे. त्यामागे काटेकोर विज्ञान नाही, पण त्याची दिशा मला पटते. पहिला आठवडा चालणं, वाटल्यास पोहणं, आणि नंतर हळूहळू धावणं, इतकं पुष्कळ झालं.

रक्तात झिरपणाऱ्या अशा विकरांमुळेच एक भलता गोंधळ होतो. शर्यतीच्या आठवड्यातच कंपनीची आरोग्य तपासणी येते आणि अहवालात एसजीओटी, एसजीपीटी वाढलेले दिसतात. घरात यकृताची चर्चा सुरू होते. पण ही विकरं स्नायूंमध्येही असतात आणि तिथूनही रक्तात येतात. हृदयाला इजा झाल्याची खूण मानलं जाणारं ट्रोपोनिनसुद्धा अनेक निरोगी धावपटूंमध्ये मॅरेथॉननंतर वाढतं आणि दोन-तीन दिवसांत खाली येतं. म्हणून तपासणी शक्यतो पुढे ढकलावी, नाहीतर आपण काय करून आलोय ते डॉक्टरांना आधी सांगावं. छातीत दुखत असेल, धाप लागत असेल, तर मात्र 'मॅरेथॉनमुळे असेल' म्हणून घरी बसू नये.

वेदनाशामक गोळी तर अनेकांच्या पिशवीतच असते. शरीरातलं पाणी कमी झालेलं असताना मूत्रपिंडाकडे जाणारं रक्त आधीच घटलेलं असतं. आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक ते आणखी घटवतात. निदान खाणंपिणं आणि लघवी नीट होईपर्यंत तरी ही गोळी नको. लघवी कोऱ्या चहासारखी झाली, तर थेट दवाखाना गाठायचा, कारण स्नायू मोठ्या प्रमाणावर फुटत असल्याची ती खूण असू शकते.

पण शरीरातलं पाणी भरून काढायला लिटरच्या लिटर पाणी ढोसणं हाही धोकाच. 2002 च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये 488 धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा 13 टक्के लोकांच्या रक्तातलं सोडियम कमी निघालं. धावताना ज्यांचं वजन घटण्याऐवजी वाढलं होतं, म्हणजे जे गरजेपेक्षा जास्त प्यायले होते, त्यांना हा धोका सर्वांत जास्त होता. डोकेदुखी, उलट्या, बरळणं ही लक्षणं 'उन्हाचा त्रास' समजून त्या माणसाला आणखी पाणी पाजलं, तर जिवावर बेतू शकतं. तहानेपुरतं प्यावं, सोबत मीठ टाकलेलं ताक किंवा वरणभात घ्यावा. आजीचा सल्ला इथे अगदी बरोबर आहे.

स्ट्रेचिंगने दुखणं टळत नाही. यावरच्या प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा फरक नगण्य निघाला. मालिशने बरं वाटतं, तेवढ्यासाठी जरूर करून घ्या.

वजनकाट्यावरही निराशा ठरलेली. किलोमागे दर किलोमीटरला अंदाजे एक कॅलरी धरली, तर 65 किलोच्या माणसाच्या सुमारे 2,700 कॅलरी खर्च होतात. ती सगळी चरबीच जळाली असं मानलं तरी अर्ध्या किलोपर्यंतही मजल जात नाही, जेमतेम साडेतीनशे ग्रॅम. उलट दोन दिवसांनी काटा वर जातो. सुजेचं पाणी असतंच, शिवाय स्नायू पुन्हा ग्लायकोजेन साठवतात आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतात.

राहता राहिले गुडघे, ज्यांची काळजी न धावणारे नातेवाईकच जास्त करतात. 2017 मध्ये अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र मांडले गेले. त्यात हौशी धावपटूंमध्ये गुडघा आणि खुब्याची संधिवाती झीज साडेतीन टक्के होती, तर न धावणाऱ्यांमध्ये दहाच्या थोडी वर. स्पर्धात्मक पातळीवर धावणाऱ्यांमध्ये मात्र ती तेरा टक्क्यांच्या वर गेली. ज्यांचे गुडघे दुखतात ते धावणं सोडतात, हेही या आकड्यांमागचं एक कारण असेल. तरी 'गुडघे झिजतील' हे सरसकट विधान टिकत नाही.

काळं पडलेलं नख हा शौर्याचा बिल्ला नव्हे, ते आत साकळलेलं रक्त आहे. ठणकत नसेल तर सुई खुपसू नये. ते आपोआप गळतं आणि अंगठ्याचं नवं नख पुरतं यायला वर्ष-दीड वर्ष लागतं. पुढचे बूट घेताना अर्धा नंबर मोठे घ्यावेत आणि खरेदीला संध्याकाळी जावं, कारण तोवर पाय थोडे सुजलेले असतात.