नव्या भुंगेऱ्याचे नामकरण

समजा, रात्री दिव्यापाशी आलेला एखादा भुंगेरा तुम्ही पकडला आणि तो पुस्तकातील कोणत्याच चित्राशी जुळेना. म्हणजे तुम्ही नवी जाती शोधून काढली काय? प्राणिशास्त्रज्ञ म्हणेल, "थांबा, एवढ्यावरून तसे म्हणता येणार नाही." कीटक हाती लागणे आणि नवी जाती सिद्ध होणे यांच्यामध्ये बरेच काम असते. त्याला जातीचे 'वर्णन' म्हणतात. ते कसे करतात, हे एका उदाहरणावरून पाहू.

भुंगेऱ्यांच्या कॅरॅबिडी या कुलात सुमारे ४०,००० जाती आहेत. इंग्रजीत त्यांना 'ग्राउंड बीटल', म्हणजे जमिनीवरचे भुंगेरे, म्हणतात. पुष्कळसे दगडांखाली वा पालापाचोळ्यात राहतात. परंतु उष्ण कटिबंधातील अरण्यांत याच कुलातील काही भुंगेरे चक्क झाडांच्या शेंड्यांवर राहतात. 'आग्रा' हा असाच एक वंश. नावावरून ताजमहाल आठवला, तरी हे सडपातळ, लांब मानेचे भुंगेरे भारतात नाहीत. ते अमेरिका खंडांच्या उष्ण भागांतले आहेत.

इतक्या उंचावरचे कीटक खाली आणायचे कसे? वॉशिंग्टनच्या स्मिथ्सोनियन संस्थेतील टेरी अर्विन यांनी पनामात झाडांवर कीटकनाशकाचे धुके सोडले आणि खाली पडलेले कीटक गोळा केले. एकाच जातीच्या अवघ्या १९ झाडांवर त्यांना भुंगेऱ्यांच्या सुमारे १,२०० जाती मिळाल्या! त्यावरून १९८२ साली त्यांनी उष्ण कटिबंधात कीटक व त्यांच्यासारख्या संधिपाद प्राण्यांच्या ३ कोटी जाती असाव्यात, असा अंदाज मांडला. पुढे हा आकडा बराच खाली आणला गेला. तरीही आजवर नावे मिळालेल्या कीटकांच्या जाती जेमतेम १० लाखांच्या घरात आहेत. म्हणजे बिननावाच्या जातीच अधिक.

आता वर्णनाकडे वळू. वाळवलेला भुंगेरा टाचणीला लावून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात. शरीराची लांबी-रुंदी, पंखांवरच्या कठीण कवचावरील रेषा व खळगे, पायांची ठेवण, सारे तपासतात. बाहेरून अगदी सारख्या दिसणाऱ्या जातींमध्येही नराच्या जननेंद्रियाचा आकार पुष्कळदा निराळा असतो. म्हणून तोही पाहतात. मग संग्रहालयांतील जुन्या नमुन्यांशी ताडून पाहतात. फरक खरा ठरला, तर लिनीअसच्या १७५८ सालच्या ग्रंथापासून चालत आलेल्या पद्धतीने दोन शब्दांचे नाव देऊन वर्णन छापतात. त्या वेळी एक नमुना निवडून तो संग्रहालयात जपून ठेवतात. त्याला 'होलोटाइप' म्हणतात.

पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्याला येथे पॅरिसजवळ ठेवलेला प्रमाण किलोग्रॅम आठवेल. २०१९ पर्यंत किलोग्रॅम म्हणजे तो धातूचा ठोकळाच होता. त्याचप्रमाणे जातीचे नाव या एका नमुन्याशी बांधलेले असते. शंका आली, की त्याच्याकडे जायचे.

अर्विन यांनी २००२ साली कोस्टा रिकातील आग्राच्या २९ नव्या जातींचे वर्णन केले. एकीतील नराच्या मधल्या पायांच्या मांड्या पिळदार दंडासारख्या फुगीर. म्हणून तिला नट श्वार्झनेगरचे नाव दिले! दुसरीला 'टायटॅनिक' चित्रपटाची नायिका केट विन्स्लेट हिचे. त्या चित्रपटातील नायिका बोटीबरोबर बुडाली नाही; परंतु अरण्ये तोडून सगळी कुरणे केली, तर हा भुंगेरा मात्र वाचणार नाही, असे अर्विन यांनी नाव देताना बजावले.

ही नुसती थट्टा नव्हे. किलोग्रॅमची व्याख्या आता निसर्गातील एका स्थिरांकावरून करतात. ठोकळ्याची गरज उरली नाही. भुंगेऱ्याच्या बाबतीत अशी सोय नाही. होलोटाइप नष्ट झाला आणि जपलेले दुसरे नमुनेही नसले, तर नव्या नमुन्यासाठी पुन्हा अरण्यातच जावे लागते. अरण्यच उरले नाही तर?

म्हणून टाचणीखालच्या चिठ्ठीला फार मोल आहे. तिच्यावर ठिकाण, तारीख आणि पकडणाऱ्याचे नाव असते. तुम्हीही कीटक पाहाल, तेव्हा एवढी नोंद वहीत अवश्य करा. नाव मागाहून शोधता येते. न केलेली नोंद मात्र मागाहून मिळत नाही.